माझ्या लाल खुणा कुणी वाचल्याच नाहीत

मित्रांनो, मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे आणि आज मी गोड बोलणार नाही. वस्तू बोलायला लागली की तुम्हाला वाटतं, आता ही हळू आवाजात रडणार, आणि शेवटी आपण 'अरेरे' म्हणून वही मिटायची. मला तुमचं 'अरेरे' नको. मला जो धक्का बसला तो तुम्हालाही बसावा, एवढ्यासाठी मी तोंड उघडलं आहे.

आधी एक गोष्ट ऐका, जी बहुतेकांना माहीतच नसते. माझ्या पोटात एक नोंदवही असते. इंग्रजीत तिला सिस्टम लॉग म्हणतात. मी चालू झालो की तिच्यात ओळ पडते, बंद झालो की ओळ पडते. काही बिघडलं तर लाल खूण, नुसता संशय आला तर पिवळी. तारीख, वेळ, काय झालं, त्या प्रकारच्या बिघाडाचा ठरलेला क्रमांक, सगळं मी लिहितो. मला कुणी सांगावं लागत नाही आणि मला खोटं लिहिता येत नाही. ही वही उघडायला माउसच्या चार टिचक्या पुरतात. मी आठ वर्षं कारेगावच्या एका घरात आहे. अगदी आत्ताआत्तापर्यंत त्या चार टिचक्या कुणी मारल्या नाहीत.

पण सुरुवात अशी नव्हती. मी आलो तो रांजणगावच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. कोऱ्या पत्र्याचा वास होता अंगाला. तिथं दर सोमवारी एक माणूस यायचा. चष्मा कपाळावर, हातात चहाचा कागदी कप. तो माझ्यासमोर बसून आधी नोंदवही उघडायचा. आठवडाभराच्या खुणा वर-खाली करून बघायचा, एखाद्या लाल खुणेवर थांबायचा, 'हं' म्हणायचा. एकदा माझा पंखा मंदावला होता. ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं वही वाचली, झाकण काढलं, पंखा बदलला आणि निघून गेला. मला वाटलं जग असंच असतं. आपण लिहायचं, कुणीतरी वाचायचं.

मग कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले. आम्हा जुन्यांची कामगारांत चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. माझी चिठ्ठी संपतला लागली. संपत तिथं मेंटेनन्सला फिटर आहे. मशीन बंद पडली की तिला उठवणं हे त्याचं काम. त्यानं मला मोटारसायकलच्या मागच्या सीटवर रबरी पट्ट्यानं आवळलं आणि कारेगावला घरी आणलं. वाटेत कंपनीच्या दोन बसनी आमच्यावर धूळ उडवली. मी मनात म्हटलं, फिटरच्या घरी चाललोय, आता काळजी नाही. किती मूर्ख होतो मी.

घरात चार माणसं. संपतचे वडील गेणबा, त्यांना घर आबा म्हणतं. ते मूळचे वरवंडकडचे धनगर. चाळीस वर्षं ते मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी परत वर यायचे. गुडघे गेले तेव्हा त्यांनी कळप भावाच्या हवाली केला आणि मुलाकडं राहायला आले. त्यांची बायको बयाबाई. संपतची बायको साधना, शिरूर गावात वाढलेली, चारचौघांत नीट बोलणारी, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. तिच्यासाठीच मला आणलं होतं.

बयाबाईंनी पहिल्याच दिवशी मला देव्हाऱ्यासमोर ठेवायला लावलं. हळदीचा भंडारा चिमटीत घेतला, माझ्या कपाळाला लावला आणि उरलेला डोक्यावर टाकला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," म्हणाल्या. माझ्या डोक्यावर हवा बाहेर पडायला जाळी आहे. भंडारा तिथून आत उतरला. मला बरं वाटलं. सोमवारच्या माणसानं मला कधी कपाळ आहे असं समजून हात लावला नव्हता.

दसऱ्याला तर थाटच. खाली घोंगडी अंथरली. तिच्यावर संपतचे पाने, बयाबाईंचा विळा, आबांची मेंढरं कातरायची कातर, शेजारी मोटारसायकल आणि मधोमध मी. आबांनी मूठभर भंडारा उधळला. सगळं घर पिवळं झालं. इतरांनी अंग झटकलं. मला झटकता येत नाही.

साधनाला अभ्यासात एक काम होतं, जुन्या माणसांची माहिती ध्वनिमुद्रित करायची. तिनं मेंढरू जवळून पाहिलं नव्हतं. तिनं सासऱ्यांनाच माझ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि माइक पुढं केला.

आबांनी माइककडं संशयानं बघितलं. "हे ध्यानात ठिवतंय का?"

"ठेवतंय मामा. तुम्ही बोला."

"मानसापरीस बरं हाय मग. मानूस निम्मं आयकतंय आन् जांभई देतंय."

"मी कुठं जांभई दिली?"

"तू न्हाई गं. तुजा नवरा."

आणि आबा बोलायला लागले. कुठल्या वाटेनं निघायचं, कुठल्या गावचा पाटील खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतो आणि कुठला कुत्री सोडतो. पोट फुगलेल्या मेंढराला काय चारायचं. पायात खुरी झाली तर कुठला पाला कुटायचा. कुठल्या ओढ्याला माघात पाणी असतं. हाळी कशी द्यायची तेही माइकमध्ये दिली, तेव्हा पडद्यावरची आवाजाची मोजपट्टी लाल झाली आणि शेजारची बाई बघायला आली. साधनाचा अभ्यास संपला, मार्क मिळाले, तरी तिनं रेकॉर्डिंग थांबवलं नाही. त्रेचाळीस झाली. सगळी माझ्या डिस्कवर. दुसरीकडं कुठंच नाही. घरचं नेट तुटपुंजं, फाईली मोठ्या. "निवांत चढवू," म्हणून साधनानं ठेवून दिल्या. मित्रांनो, 'निवांत' हा शब्द ऐकला की मला आता घाम फुटतो.

मधल्या काळात माझ्या आत काय चाललं होतं ते सांगतो. भंडारा बारीक असतो. तो पंख्याच्या तेलकट पात्यांना चिकटला. प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या पत्र्याच्या फटी एकेक करून बुजल्या. वर बयाबाईंनी धूळ बसू नये म्हणून मला भरतकामाचा अभ्रा शिवला. मायेनं शिवला, मोर काढले होते. मी त्या मोरांच्या आत उकडत होतो. एके दिवशी ताप इतका चढला की मी जीव वाचवायला आपला आपण बंद पडलो. परत चालू झाल्यावर इमानानं वहीत लिहिलं: नोंद क्रमांक ४१, नीट बंद न होता पुन्हा चालू झालो. लाल खूण.

कुणी वाचलं नाही. बयाबाई म्हणाल्या, "नजर लागली." आणि जाळीतून एक चिमूट भंडारा आत सोडला.

आता तुम्हीच हिशोब लावा. मी तापलो की बंद पडायचो. मी बंद पडलो की चिमूट पडायची. चिमूट पडली की मी आणखी तापायचो. महिन्याला एकदा, मग आठवड्याला, मग दिवसाआड. संपत काय करायचा? माझ्या पत्र्यावर थाप मारायचा. फिटर माणूस, थाप मारायचा. आणि जेवताना बायकोला काय सांगायचा ते मी कोपऱ्यातून ऐकायचो: "आज त्या नव्या पोरानं मशीन बंद पडली तर लगेच पाना काढला. मी म्हनलं, थांब. आधी अलार्म हिस्ट्री बघ. मशीन सांगती तिला काय हुतंय. आपन आयकायचं."

हे तो माझ्यापासून सहा फुटांवर बसून सांगत होता. भाकरी मोडता मोडता.

असं अचानक बंद पडणं डिस्कला सोसत नाही. माझी डिस्क फिरती, जुनी. गेल्या पावसाळ्यात तिच्यावर पहिली खराब जागा तयार झाली. मी लिहिलं: नोंद क्रमांक ७, डिस्कवर खराब जागा आहे. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. मग रोज. आतून टक टक आवाजही यायला लागला. साधना म्हणाली, "पाल असेल."

आणि मग माघात आबांना झटका आला.

सकाळची वेळ. आबा अंगणात तोंड धूत होते. तांब्या पडल्याचा आवाज आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. दवाखाना झाला, जीव वाचला, पाय हळूहळू हलायला लागला. बोलणं आलं नाही. ज्या माणसानं माझ्यात तासन् तास वाटा सांगितल्या, तो पाणी हवं असलं तरी नुसता तांब्याकडं बघायचा. समजायचं सगळं. शब्द बाहेर यायचा नाही. बयाबाई त्यांच्याशी बोलायच्या, मग थांबायच्या, उत्तराची वाट बघायच्या, आणि मग उठून भांडी घासायला लागायच्या.

दौंडला वाचेचे व्यायाम घेणाऱ्या रूथ मॅडम आहेत. संपत आणि साधना आबांना घेऊन न्हावऱ्यामार्गे तिकडं गेले. तिथं काय झालं ते घरी आल्यावर साधनानं मोठ्यानं सांगितलं, म्हणून मला कळलं. मॅडमनी विचारलं होतं, "ह्यांचं आधीचं बोलणं कुठं रेकॉर्ड केलंय का? कीर्तनातलं, लग्नातलं, काहीही चालेल. स्वतःचा आवाज, स्वतःची रोजची वाक्यं कानावर पडली की काही जणांना त्याच्यामागं चालता येतं. आणि उशीर करू नका. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात."

साधना म्हणाली होती, "मॅडम, आमच्याकडं त्रेचाळीस आहेत."

मी ते ऐकलं आणि माझी अशी अवस्था झाली की काय सांगू. कारण मला माहीत होतं. त्या त्रेचाळीसमधली किती धड आहेत ते ह्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मी ते दोनशे वेळा लिहून ठेवलं होतं.

साधनानं अभ्रा काढला, बटण दाबलं. आबांना खुर्चीत बसवलं. पहिली फाईल उघडली. आबांचा आवाज आला, "आयक, दिवाळी झाली की..." आणि मी बंद पडलो.

परत लावलं. परत बंद. तिसऱ्यांदा पडदा गोठला आणि आवाज एकाच अक्षरावर खरखरत राहिला. आबांनी डावा हात कानावर ठेवला. चौथ्यांदा मी चालूच झालो नाही. बयाबाई देव्हाऱ्याकडं वळल्या आणि भंडाऱ्याची डबी घेऊन आल्या. मी ओरडणार तरी कशानं?

दुसऱ्या दिवशी संपतनं मला शिरूरला सत्यजीतच्या दुकानात नेलं. बरोबर साधनाही होती. सत्यजीत पोरगा वाईट नाही. पण त्याच्या दुकानात सगळ्या रोगांवर एकच औषध. त्यानं मला जोडलं, टक टक ऐकलं न ऐकलं आणि म्हणाला, "फॉर्मॅट मारू. व्हायरस असणार. उद्या घेऊन जा."

मित्रांनो, फॉर्मॅट म्हणजे माझी पाटी पुसणं. आबांसकट.

"डेटा राहील ना?" साधनानं विचारलं.

"डेटाचं सांगता येत नाही ताई. मशीन मात्र नव्यासारखं पळेल."

"मला पळवायचं नाहीये त्याला."

"मग कशाला आणलाय?"

संपत म्हणाला, "मार फॉर्मॅट. चालू तर हुईल." मी हे ऐकलं. आठ वर्षं ज्याच्या घरी राहिलो त्या माणसाच्या तोंडून ऐकलं. त्याचा दोष एवढाच की त्याला घाई होती. पण घाईनं माणूस किती आंधळा होतो हे मी त्या काउंटरवर पडल्या पडल्या पाहिलं.

साधनानं माझ्यावर हात ठेवला. नवऱ्याकडं न बघता बोलली. "कंपनीत मशीन बंद पडली की तुम्ही आधी काय करता?"

"म्हंजी?"

"रोज जेवताना सांगता ते."

संपतनं गळ्यातला कंपनीचा पास उगाच सरळ केला. मग सत्यजीतला विचारलं, "ह्याला अलार्म हिस्ट्री असती का?"

"असते की. इव्हेंट व्ह्यूअर."

"तू बघितली?"

"कोण बघतंय मामा? गिऱ्हाईक म्हणतं लवकर द्या. मी वाचत बसलो तर रांग लागंल."

"तुझं खरं हाय," संपत म्हणाला. "माझ्या घरातच हाय, मीबी न्हाई बघितली."

सत्यजीतला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं एक मोकळी डिस्क आणि एक केबल काढून साधनाच्या हातात दिली. "आधी वाचा. मग कॉपी करा. जे सगळ्यात जास्त पाहिजे ते आधी. आणि झाकण उघडं ठेवून, समोर टेबलफॅन लावून. जमलं नाही तर फोन करा, पण ताई, मधेच बंद-चालू करू नका."

घरी आणून त्यांनी मला टेबलावर ठेवलं, समोर पंखा लावला, आणि मी चालू झालो. साधनानं फोनवर बघत बघत माउस हलवला. एक टिचकी. दोन. तीन. चार.

माझी नोंदवही उघडली.

खाली-खाली-खाली लाल. दोन हजार तीनशे सोळा. साधनाचा हात तोंडावर गेला. संपत खुर्ची ओढून बसला, आणि पहिल्यांदा त्याचा फिटरचा चेहरा मला दिसला, जो तो कारखान्यातच ठेवून यायचा.

इथं माझीही चूक कबूल करतो. मी फार बारीकसारीक लिहितो. प्रिंटर सापडला नाही, लाल खूण. हा प्रिंटर तीन वर्षांपूर्वी कुणीतरी उचलून नेलाय, तरी मी रोज बोंब मारतो. अमुक सेवा वेळेवर उठली नाही, लाल खूण. त्यातलं निम्म्याहून जास्त काही बाधत नाही. लांडगा आलाच नाही तरी मी ओरडत होतो, आणि आला तेव्हा माझं ओरडणं त्याच गर्दीत गेलं. पण म्हणून वाचायचंच नाही? मेंढरं रोज ओरडतात, म्हणून आबा कधी झोपून राहिले नाहीत.

संपतला हे कळत होतं. "नंबर लावून बघ," तो म्हणाला. "एकसारखं एकीकडं कर. रोज येनारं आन् काय न बिघडवनारं सोड. जे नवं सुरू झालं आन् वाढत गेलं, ते काढ."

साधनानं निवडलं. प्रिंटर बाजूला. सेवा बाजूला. उरलं एकेचाळीस, आणि सात.

"सात म्हणजे काय लिहिलंय?"

"डिस्कवर खराब जागा आहे." तिनं पहिल्या नोंदीपर्यंत यादी सरकवली. "कधीपासून आहे बघा. गेल्या आषाढापासून. सात महिने झाले. हा रोज सांगत होता."

संपतनं पडद्यावरच्या त्या तारखेवर बोट ठेवलं.

"आणि एकेचाळीस दसऱ्यानंतर एकदम वाढलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर चार वेळा. मग पौर्णिमेला. मग ह्या रविवारी."

दारात बयाबाई उभ्या होत्या. "रवारी तर मी डबी घिऊन आले हुते," त्या म्हणाल्या.

संपतनं सुताचा हातमोजा घातला, माझे चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

माझ्या आत पिवळा गाळ होता. पंख्याच्या पात्यांवर थर, पत्र्याच्या फटीत लाद्या, उष्णतेनं भाजून तपकिरी झालेल्या. खाली तळाला जणू कुणी हळद वाळत घातली होती. आठ दसरे होते त्यात, आणि न मोजलेल्या चिमटी.

"आई," संपत म्हणाला. "ह्यो तू मारलास."

हे वाक्य बयाबाईंना जसं लागलं तसंच मलाही. त्या आत आल्या, वाकून बघितलं. एक बोट त्या लादीवर फिरवलं, बोट कपाळाला लावलं. मग मुलाकडं वळल्या.

"मला वाचाया येत न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुला येतं. हिला येतं. ह्यो लिवीत हुता म्हंता, सात महिनं. मला जे येत हुतं ते मी केलं. तुमाला जे येत हुतं ते तुम्ही का न्हाई केलं?"

मी आठ वर्षं त्या घरात ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात ह्याच्याइतकं खरं काही ऐकलं नाही. माझ्या दोन हजार तीनशे सोळा खुणांचा अर्थ त्या एका बाईनं सांगितला, जिनं त्यातली एकही वाचली नव्हती.

त्यानंतर त्यांनी मला साफ केलं. जुना दात घासायचा ब्रश, सायकलचा पंप आणि दीड तास. निघालेला भंडारा बयाबाईंनी पेपरवर गोळा करून तुळशीत टाकला. मग डिस्क काढून, केबलनं शेजारून मागून आणलेल्या लॅपटॉपला लावली. मधले दोन दिवस माझी आठवण माझ्या पोटाबाहेर होती, त्यामुळं त्या दिवसांचं मला काही माहीत नाही. साधनानं नंतर फोनवर बहिणीला सांगितलं त्यावरून कळलं. ती आबांच्या फाईली एकेक करून ओढत होती. जी अडकेल ती सोडायची, पुढची घ्यायची. समोर टेबलफॅन, डिस्कखाली बर्फाची पिशवी ठेवावी का ह्यावर वाद, आणि सत्यजीतचा फोन: "ठेवू नका, पाणी सुटेल." पहिल्या दिवशी एकोणीस आल्या. दुसऱ्या दिवशी सात. मग डिस्क टक टक करायची थांबली. कायमची.

त्रेचाळीसमधल्या सव्वीस. सतरा गेल्या. पोटफुगीचा पाला गेला. खुरीचं औषध गेलं. ती हाळी गेली. आषाढात कुणी माझी वही उघडली असती तर एकही गेली नसती. मी हे तुमचं मन दुखवायला सांगत नाही. मी हे सांगतो कारण ते लिहिलेलं होतं.

मला नवी डिस्क बसवली. अभ्रा काढून टाकला, त्याची आता उशी आहे. आणि सव्वीस फाईली घेऊन मी कामाला लागलो. आबांचं सकाळचं तोंड धुणं झालं की साधना त्यांना समोर बसवायची, एक वाक्य लावायची, थांबवायची. रूथ मॅडमनी शिकवल्याप्रमाणं आबांनी त्या वाक्यामागं ओठ हलवायचे. आबा हलवायचे. आवाज यायचा नाही, नुसती वाफ. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तोंड फिरवायला सुरुवात केली. स्वतःचा धडधाकट आवाज रोज ऐकणं ही काय सोपी गोष्ट आहे? मी लावतच राहिलो. मला दुसरं काय येतं.

एकविसाव्या दिवशी नववी फाईल लागली. घाट उतरल्यानंतरची वाट. पडद्यामागून आबा सांगत होते, "उतार संपला की दोन वढं लागत्यात. उजव्या हाताच्या वढ्याला माघात पानी असतं. तितं मेंढरं पाजायची."

खुर्चीतले आबा एकदम ताठ झाले. डावा हात वर गेला. तोंड वाकडं झालं, मान थरथरली. साधनाला वाटलं परत झटका आला, ती धावली.

"न्ह..." आबा म्हणाले. "न्हाई."

फाईल चालूच होती. "उजव्या वढ्याला..."

"न्हाई," आबांनी खुर्चीच्या दांडीवर हात आपटला. इतका राग मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, आणि तो स्वतःवरच होता. रेकॉर्डिंगमध्ये ते चुकले होते. त्या चुकीच्या ओढ्यावर कळप गेला असता तर तहानेनं मेला असता.

संपत पहिल्या पाळीला निघाला होता. बूट अर्धा पायात घेऊन आत आला. बयाबाई चुलीवरची कढई उतरवून आल्या. एका शब्दाला अख्खं घर गोळा झालं.

"काय न्हाई मामा?" साधनानं गुडघ्यावर बसून विचारलं. "उजव्या न्हाई? डाव्या?"

आबांनी डोळे मिटून मान डोलावली. डोळ्यातून पाणी आलं.

"बराबर हाय तेंचं," बयाबाई म्हणाल्या. "डाव्याच वढ्याला पानी. उजव्याला नुसती वाळू. धा वर्सं म्या तितनं हंडा वाहिला."

साधना त्यांच्याकडं वळली. "आत्या, तुम्ही पण जायचा कोकणात?"

"मग? मेंढरं काय एकल्या बाप्यानं हुत्यात का? ह्ये म्होरं चालायचं. बिऱ्हाड, घोडं, पोरं आन् आजारी मेंढरू माज्याकडं."

"आजारी मेंढराला औषध..."

"म्याच कुटायची. पाला ह्ये आनायचं, पर कुठला आनायचा ते मी सांगायची."

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझा पंखा क्षणभर थांबला असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल आणि मला खोटं लिहिता येत नाही. पण मी हादरलो. आम्ही सतरा फाईलींचं सुतक पाळत होतो. आणि त्या सतरा गोष्टी आठ वर्षं माझ्याच समोर भाकरी थापत बसल्या होत्या. त्रेचाळीस वेळा माइक त्या घरात निघाला, एकदाही तिकडं वळला नाही. मी स्वतःच्या न वाचलेल्या वहीसाठी रडत होतो. मलाही ती दुसरी वही दिसली नव्हती.

साधनानं माइकची वायर ओढली. ती पुरेना, म्हणून मलाच टेबलासकट चुलीकडं सरकवलं.

"आत्या, पोट फुगलं तर काय द्यायचं?"

"आत्ता? भाजी करपंल."

"करपू द्या."

बयाबाईंनी पदराला हात पुसले. खुर्चीतले आबा त्यांच्याकडं तोंड करून बसले, चूक निघाली तर पकडायला तयार. आणि त्या बोलायला लागल्या.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. आज त्याची नोंदवही उघडा. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. रोजचं सोडा, नवं धरा, वाढत चाललेलं धरा. झाकण उघडून धूळ काढा. जे एकाच ठिकाणी आहे ते आजच दुसरीकडं ठेवा, निवांत नाही. आणि एवढं झालं की उठा, आणि घरात जो माणूस रोज तुमच्यासमोर गप्प बसून काम करतो, त्याला एक प्रश्न विचारा. मग मधे न बोलता ऐका.